व्हॉल्यूम पॉट हवाय: २५० के, डबल गँग, चार पायांचा (जुना जपानी अ‍ॅम्प्लिफायर)

कॅसेटवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोठ्या काकांनी १९७९ साली कुवेतहून आणलेला जपानी स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आता माझ्याकडे आहे. मागच्या पाटीचा आणि आतला फोटो जोडलाय. बाकी सेट ठणठणीत, आवाज अजूनही भरदार. पण व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजेच पॉट (नॉब फिरवून प्रतिरोध कमी-जास्त करणारा भाग), गेलाय. नॉब फिरवला की खरखर, आणि आवाज अगदी कमी ठेवला की डावा चॅनेल गायब. स्प्रे मारला की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पॉटच्या डबीवर '२५० केए × २' छापलंय (के म्हणजे किलोओहम). डबल गँग आहे, म्हणजे एकाच शाफ्टवर दोन चॅनेलचे दोन पॉट, आणि प्रत्येक गँगला तीनऐवजी चार पाय आहेत. शाफ्ट ६ मिलिमीटरचा, दातेवाला, आणि फिरवताना टिकटिक टप्पे लागतात. इथे सांगलीत २५० के डबल गँग मिळाला नाही. "१०० के लावा, चालतंय" असं एका दुकानदारानं सांगितलं. खरंच चालेल का? तो चौथा पाय कशाचा? आणि शोधायचा तर पुण्यात की मुंबईत?

काका ऐंशीच्या घरात आहेत. आमच्याकडे आले की रात्री हळू आवाजात तासन् तास ऐकत बसतात, त्यामुळे कमी आवाजालाच सेट नीट वाजायला हवा.

कथिल

चौथा पाय लाउडनेसचा टॅप आहे. आवाज कमी केला की आपल्या कानाला मधल्या सुरांपेक्षा खर्ज जास्त कमी ऐकू येतो. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून त्याचे आलेख काढले. त्यावर तोडगा म्हणून कंपन्या पॉटच्या ट्रॅकवर मध्येच एक जोड काढायच्या आणि तिथून एक रेझिस्टर आणि कंडेन्सर ग्राउंडला नेऊन मधले-वरचे सूर थोडे दाबायचे. म्हणून कमी आवाजातही तबला भरीव वाटतो. काका रात्री हळू ऐकतात म्हणजे तो टॅप त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. तीन पायांचा पॉट लावलात तर पुढच्या पॅनेलवरचं लाउडनेसचं बटण नुसतं शोभेला उरेल.

पण नवा शोधायच्या आधी एक तपासा. सेट चालू, इनपुटला काही नाही, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. पॉटच्या वरच्या टोकाला आणि वायपरला (ट्रॅकवर सरकणाऱ्या संपर्काला) ग्राउंडच्या तुलनेत किती येतंय? तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं. पॉटच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) लीक झाला की डीसी पॉटवर येतं आणि मग नवाकोरा पॉटसुद्धा खरखरतो. तुमचा स्प्रे टिकत नाही त्याचं हेही कारण असू शकतं. हे करताना एक हात खिशात ठेवा, आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरांच्या आसपास प्रोब घसरू देऊ नका.

पेठेतला

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या पट्ट्यात नवे कार्बन पॉट भरपूर आहेत. पण १० के, ५० के, १०० के. २५० के मागितलात तर गिटारचा सिंगल गँग हातात ठेवतील. तो लॉग असतो (प्रतिरोध आधी हळू, मग भराभर वाढणारा; लिनियरमध्ये तो सारखा वाढतो), चांगलाही असतो, पण एकच गँग, म्हणजे स्टीरिओला उपयोग नाही. डबल गँग टॅपवाला नव्यात मिळणं विसरा. मिळाला तर जुन्या सेटमधून काढलेलाच मिळेल.

जाताना नुसती किंमत लिहून नेऊ नका, पॉटच काढून न्या. दुकानदार ओहम बघतो. घरी आल्यावर कळतं की बुशची (शाफ्टभोवतीच्या आट्यांच्या नळीची) लांबी कमी पडतेय, नट पॅनेलबाहेर येतच नाही, किंवा सर्किट बोर्डवरच्या भोकांत पायच बसत नाहीत.

लॅमिंग्टनवाला

मुंबईत लॅमिंग्टन रोडला (पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) नव्याची तीच गोष्ट. शिवाय निळ्या डबीचे 'आल्प्स' (जपानी कंपनी) म्हणून मिळणारे पॉट जपून घ्या. स्वस्तातले बरेच नकली असतात. त्यांचा अस्सल आरके२७ मॉडेलचा पॉट जड असतो, एकसारख्या दाबानं फिरतो, आणि दोन्ही गँगा शेवटपर्यंत बरोबर चालतात. नकलीचं बाहेरचं रूप हुबेहूब असतं, पण आवाज कमी केला की एक बाजू पुढे पळते. विकत घेण्याआधी तिथल्या तिथे मीटर लावून बघा.

तुमच्या कामाचं खरं ठिकाण म्हणजे भंगारातले जुने रिसीव्हर आणि कॅसेट डेक. चोरबाजारात मटन स्ट्रीटच्या बाजूला असे सेट येत असतात. ट्रान्सफॉर्मर जळालेला किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेला सत्तरच्या दशकातला जपानी सेट मिळाला तर त्यातला पॉट बहुतेक वेळा धडधाकट असतो.

सुरेल_सोलापूर

एवढं कशाला? १०० के लिनियर डबल गँग घ्या, वायपर ते ग्राउंड १५ के रेझिस्टर लावा. वळण लॉगसारखंच होतं आणि लिनियर पॉटच्या दोन्ही गँगा लॉगपेक्षा जास्त सारख्या असतात. मी माझ्या घरच्या प्रीअ‍ॅम्पला (मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या सेटला) तेच केलंय, उत्तम चालतंय.

कथिल

@सुरेल_सोलापूर, युक्ती चांगली आहे आणि तुमच्या प्रीअ‍ॅम्पला बरोबरही असेल. मधोमध ठेवल्यावर खालचे ५० के आणि १५ के समांतर मिळून साधारण साडेअकरा के होतात, वर ५० के. म्हणजे सिग्नल १९ टक्क्यांच्या आसपास, छान लॉगसारखं. पण नॉब पूर्ण फिरवला की १०० के आणि १५ के समांतर, म्हणजे मागच्या स्टेजला (पॉटच्या आधीच्या सर्किटला) फक्त १३ के दिसतात. ज्या स्टेजनं २५० के बघायचे ठरवलेत तिच्या गळ्यात हे ओझं घालणं मला पटत नाही. शिवाय टॅप नाहीच.

आता मूळ प्रश्न, १०० के चालेल का. पॉटच्या किमतीत वीस टक्के इकडेतिकडे कारखान्यातच असतं, त्यामुळे २५० च्या जागी २२० बेलाशक लावा. १०० मात्र अडीच पटींनी कमी आहे. पॉटच्या आधी समजा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर २५० के बरोबर खालची सीमा (जिच्याखाली खर्ज कापला जातो) येते साधारण ६.४ हर्ट्झ. १०० के लावलात की ती १६ हर्ट्झवर जाते, आणि ५० के लावलात तर ३२ वर. म्हणजे १०० ला फार बिघडत नाही, कंडेन्सर ०.२२ चा केलात तर पुन्हा ७ हर्ट्झवर येतो. ५० ला मात्र खर्ज कानाला कमी लागेल.

एक फायदाही सांगतो. पॉट वायरींनी लांब नेणार असाल तर कमी किमतीचा बरा. २५० के चा वायपर प्रतिरोधाच्या मधोमध असताना ६० के च्या वर प्रतिरोध दाखवतो. शिल्डेड वायरचे १०० पिकोफॅरड त्याला जोडलेत की २५ किलोहर्ट्झपासूनच वरचे सूर उतरायला लागतात. म्हणून तारा आखूड ठेवा.

न्यूजर्सीकर

इथे माउझर आणि डिजी-की या सुटे भाग विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे आल्प्सचा आरके२७ मिळतो, पण जास्त करून १०, ५० आणि १०० के. भारतातूनही मागवता येतो, फक्त पाठवणी आणि कस्टमचा हिशेब आधी करा, एका पॉटला तो जड पडतो. चार-पाच जणांनी मिळून मागवा.

शोधताना अक्षरांकडे नीट लक्ष द्या. जपानी पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. जुन्या युरोपियन पॉटवर ए म्हणजे लिनियर असू शकतं. मी स्वतः छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवत नाही. नॉब मधोमध ठेवून मोजायचं: निम्मा प्रतिरोध आला तर लिनियर, दहा ते वीस टक्के आला तर लॉग.

एकतारी

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल असाच खरखरतो आणि त्यालाच मागे चालू-बंदचा स्विच आहे. तिथे काय लावायचं?

सोल्डरमास्तर

@एकतारी, व्हॉल्व्ह सेटात बहुतेक ५०० के किंवा १ मेग, लॉग, सिंगल गँग, मागे स्विच. शाफ्ट पाव इंची असतो का ते बघा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आजचे पॉट ६ चे, त्यामुळे जुना नॉब सैल बसतो. पातळ पितळी पत्र्याची पट्टी गुंडाळली की घट्ट होतो.

पण आधी एक सांगा, सेटात मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का? नसेल आणि व्हॉल्व्हची नावं यू अक्षरानं सुरू होत असतील, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्याची चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की अख्खी चासी २३० व्होल्टवर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय असा सेट उघडून चालू करायचा नाही, म्हणजे नाहीच. शिवाय पॉटच्या स्विचमधून मेन्स जातो, तेव्हा नवा स्विच मेन्सला लायक आहे हे बघूनच घ्या. रेडिओच्या नावानं मिळणारे काही छोटे स्विचपॉट ट्रान्झिस्टर सेटच्या बॅटरीपुरतेच असतात. स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मडगावकर

आमच्याकडे समुद्राच्या हवेनं हा त्रास कायमचाच. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेला सेट गणपतीत लावला की खरखर ठरलेली. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त पॉट बदलायची गरजच नसते, पण स्प्रे योग्य हवा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे पॉटमध्ये अजिबात मारू नका. तो शाफ्टमधलं दाट ग्रीस धुऊन काढतो, नॉब भुर्रकन फिरायला लागतो आणि मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं, वाळू द्यायचं, मग कार्बन ट्रॅकसाठीच असलेलं फेडर ल्युब थेंबभर.

तुमचा बॅलन्स कंट्रोलही एकदा तपासा. तो वेगळ्या वळणाचा असतो, त्यावर बहुधा एमएन छापलेलं असतं. त्यात प्रत्येक गँगचा अर्धा ट्रॅक जवळजवळ शून्य ओहमचा असतो, म्हणून मधोमध ठेवल्यावर दोन्ही बाजू पूर्ण वाजतात. कोणी आधी दुरुस्तीत तिथे साधा लिनियर लावला असेल तर मधोमध दोन्ही चॅनेल दबलेले मिळतील. असे सेट मी पाहिलेत.

कॅसेटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून आलोय.

एकूण प्रतिरोध: डावा २३८ के, उजवा २४४ के. मधोमध ३६ के, म्हणजे १५ टक्के, लॉगच. टॅपपासून ग्राउंडच्या टोकापर्यंत ३० के. नॉब नऊच्या काट्यावर ठेवून वायपर ते ग्राउंड: डावा ३.१, उजवा ४.४. त्याखाली डाव्याचा आकडा स्थिर राहतच नाही, मध्येच ओपन दाखवतो.

कथिल म्हणाले तसं डीसीही मोजलं. उजवीकडे ३ मिलिव्होल्ट. डावीकडे पॉटच्या वरच्या टोकाला ०.४ व्होल्ट.

बॅलन्स मधोमध ठेवून पाहिला, दोन्ही बाजू पूर्ण आहेत. एमएन छापलंय.

कथिल

डावीकडचा कपलिंग कंडेन्सर गेलाय. ०.४ व्होल्ट खूप झाले. तो आधी बदला, नाहीतर कुठलाही पॉट लावा, खरखर राहणारच.

३.१ आणि ४.४ चा फरक ३ डेसिबल होतो. हळू आवाजात गाणारा मधोमध न वाटता उजवीकडे सरकलेला वाटत असणार.

कॅसेटवाला

अगदी तसंच वाटतं! मी ते स्पीकरच्या जागेवर ढकलत होतो.

सोल्डरमास्तर

आता माझं ऐका. नवा आणायच्या आधी हाच उघडा. माझ्याकडे असे पुष्कळ सेट येतात आणि माझं ठाम मत झालंय की टॅपवाल्या पॉटला बाजारातला कुठलाही नवा पॉट पुरा पडत नाही. वळण जुळलं तर टॅप नसतो, टॅप मिळाला तर शाफ्ट जुळत नाही, शाफ्ट जुळला तर ते टिकटिक टप्पे जातात. सेटच्या नॉबचा हाताला लागणारा स्पर्श हाही त्या सेटचाच भाग आहे.

पॉट बोर्डवरून सोडवा. एकूण आठ पाय आहेत, कथिल पंपानं पूर्ण ओढून घ्या, जोर लावून उपटू नका, बोर्डवरची तांब्याची पट्टी सुटते. कुठला पाय कुठे याचा फोटो काढून ठेवा. डबीचे वळवलेले कान बारीक पक्कडीनं हळूच सरळ करा, एकदाच. तीच कानं पुन्हापुन्हा वाकवली की तुटतात. मागची गँग आधी सुटेल. आत तपकिरी पट्टीवर घोड्याच्या नालेसारखा काळा ट्रॅक दिसेल. त्यावर बोट लावू नका.

भिंगातून बघा. ट्रॅकवर वायपरच्या बोटांनी घासून पडलेल्या करड्या रेघा असतील. त्या नुसत्या चकचकीत असतील तर धुऊन काम होतं. त्यातून तपकिरी पट्टी डोकावत असेल तर कार्बन गेलाय, तिथे स्प्रे काही करू शकत नाही. पण ट्रॅक रुंद असतो आणि बोटं त्याच त्याच ओळीत चालतात. बोटं सुईच्या टोकानं केसभर आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला सरकवली की ती न घासलेल्या कार्बनवर येतात. फार नाही, केसभरच. बोटांचा दाब वाढवू नका, नाहीतर नवा रस्ताही लवकर झिजेल. टॅपची जोड जिथे ट्रॅकला टेकते तिथे बोटं अडकत नाहीत ना, हेही बघा.

एवढं करूनही जमलं नाही तर दुसरा मार्ग: त्याच व्यासाच्या जुन्या पॉटमधली ट्रॅकची पट्टी काढून तुमच्या डबीत बसवायची. शाफ्ट आणि टप्पे तुमचेच राहतात. म्हणून लॅमिंग्टनवाले म्हणतात तसा भंगारातला पॉट दिसला तर घेऊन ठेवा, लगेच लागला नाही तरी.

पेठेतला

+१. आणि शाफ्ट कापायची वेळ आलीच तर वाइसमध्ये शाफ्टचं टोक पकडायचं, पॉट नाही. पॉट प्लास्टिकमध्ये गुंडाळा, लोखंडाचा भुगा आत गेला की मेहनत वाया.

न्यूजर्सीकर

@सोल्डरमास्तर, स्टेप्ड अटेन्युएटरबद्दल काय मत? रोटरी स्विच आणि रेझिस्टर, दोन्ही चॅनेल एकदम जुळतात.

सोल्डरमास्तर

नव्यानं प्रीअ‍ॅम्प बांधत असाल तर त्यासारखं दुसरं काही नाही. स्विच मात्र पुढचा संपर्क जोडून मग मागचा सोडणारा हवा, नाहीतर प्रत्येक टप्प्याला 'टप्' वाजतं. या सेटात मी लावणार नाही. २४ टप्प्यांचा स्विच घेतलात तर सुरुवातीच्या टप्प्यांत दोन डेसिबलच्या उड्या लागतात, आणि रात्री हळू ऐकणाऱ्या माणसाला हवी ती पातळी नेमकी दोन टप्प्यांच्या मध्ये असते.

कॅसेटवाला

झालं! फोटो जोडलेत.

डाव्या गँगच्या ट्रॅकवर सुरुवातीच्या पाव भागात दोन करड्या चरी होत्या, एकीत तळाची तपकिरी पट्टी स्पष्ट दिसत होती. बाकी ट्रॅक काळाभोर. बोटांच्या टोकाला काळी भुकटी चिकटलेली, ती अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं निघाली. बोटं बाहेरच्या बाजूला जरा सरकवली. सोल्डरमास्तरांचं 'केसभर' किती ते भिंगाखाली बघितल्यावरच कळतं, चरीच्या बाजूला लागूनच ताजा कार्बन आहे. शाफ्टला दाट ग्रीस लावलं, टप्पे पूर्वीसारखे लागतायत.

डावीकडचा कंडेन्सर काढून तेवढ्याच किमतीचा फिल्मचा लावला. डीसी आता २ मिलिव्होल्ट. नऊच्या काट्यावर डावा ४.२, उजवा ४.४. खालपर्यंत कुठेही तुटत नाही. लाउडनेसचं बटण दाबलं की फरक लगेच कळतो.

पुण्याहून एका मित्राने भंगारातला चार पायांचा पॉट पाठवलाय, २५० के चाच, पण त्याचा शाफ्ट आखूड आहे. ट्रॅकची पट्टी मात्र तंतोतंत त्याच व्यासाची.

मडगावकर

वा! पट्टी तशीच डबीत बंद ठेवा, सिलिका जेलची पुडी घालून. बाहेर काढून ठेवलीत तर पायांवर काळपटपणा येतो.

कथिल

फार छान काम. आता उजवीकडचाही कंडेन्सर बदला. आज ३ मिलिव्होल्ट दाखवतोय, पण तो डाव्याच्याच वयाचा आहे आणि त्याच खोक्यात तेवढीच उष्णता सोसलीय. दोन्हीकडे एकाच जातीचे असले की दोन्ही चॅनेलचा खर्जही सारखा राहील.

कॅसेटवाला

आणलेत दोनच होते, पण दुसरा शिल्लक आहे. या रविवारी लावतो आणि बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाकतो, म्हणजे याच मॉडेलवाल्या कुणाला पॉटच्या पायांचा क्रम लागला तर मिळेल.